ऐकून घेणारे माणूस

परभणी जिल्ह्यातल्या येलदरी गावात नववीत शिकणाऱ्या एखाद्या मुलीला महिनाभर धड झोप लागत नसेल, अन्न गोड लागत नसेल, वर्गात बसल्या बसल्या डोळे भरून येत असतील, तर तिने कोणाकडे जायचे? या एका प्रश्नातून हे पुस्तक तयार झाले. प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधायला निघाले की वाट गावातून जिंतूरला, जिंतूरहून परभणीला जाते, आणि बहुतेक मुले त्या वाटेला लागतच नाहीत.

घरात पहिल्यांदा दृष्ट काढली जाते. मग ‘टेन्शन घेऊ नको’ असे सांगून होते. पंधरा दिवस गेले तरी लेकरू गप्पच राहिले, तर शेजारपाजारचे कोणीतरी ‘बाहेरचं बघून घ्या’ म्हणते. देवऋषी होतो, उतारा होतो, काही घरे बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीपर्यंत जातात. दवाखान्याचे नाव निघते तेव्हा ते अशक्तपणाच्या नाहीतर डोकेदुखीच्या नावाने निघते. सलाईन लागते, दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. मानसोपचारतज्ज्ञ परभणीला भेटतो. येलदरीहून ते अंतर साठेक किलोमीटर आहे. एसटीचे भाडे, रांग, औषधे आणि आईबापांपैकी एकाची बुडालेली मजुरी, एवढा हिशेब पहिल्या खेपेला जमतो. अशा उपचारात मात्र पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि तिसऱ्या खेपेपर्यंत घरातले कोणी ना कोणी म्हणतेच, की आता बरी दिसायलीय की.

या पुस्तकाच्या केंद्रस्थानी येलदरी का, असे कोणीही विचारेल. गाव फार आडवळणाचे म्हणून ते निवडलेले नाही. उलट ते आडवळणाचे नाही म्हणूनच निवडले. पूर्णा नदीवरचे इथले धरण 1968 साली पूर्ण झाले. पायथ्याशी 22.5 मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले, वसाहत वसली, सेनगावकडे जाणारा रस्ता झाला. परभणी शहर आज इथलेच पाणी पिते. नदीच्या पलीकडे हिंगोली जिल्हा लागतो, पण तो 1 मे 1999 ला वेगळा झाला. त्याआधी दोन्ही काठ एकाच जिल्ह्याचे होते, आणि सोयरिकी, बाजार, शाळा यांच्या बाबतीत अजूनही तसेच आहेत. म्हणजे सरकारला हे गाव सापडत नाही, असे मुळीच नाही. वीज आली, एसटी आली, मोबाइलची रेंज आली. लेकराच्या मनाची विचारपूस करणारी सेवा आली नाही. जिथे रस्ता आहे तिथे जर ही स्थिती असेल, तर ‘दुर्गम भाग’ हे कारण पुढे करून कोणालाच मोकळे होता येणार नाही.

मुलांवर कशाचे ओझे आहे, हे सांगताना शहरातल्या पुस्तकांतली यादी इथे जशीच्या तशी उचलता येत नाही. परीक्षा आहे, मोबाइल आहे, वयातले बदल आहेत. ते सगळीकडचे आहे. इथले खास ओझे जमिनीतून आणि स्थलांतरातून येते. पूर्णा प्रकल्पाचा कालवा खाली सिद्धेश्वर धरणापासून निघतो, त्यामुळे धरणाच्या उशाशी असलेली कितीतरी शिवारे आजही पावसाच्याच भरवशावर आहेत. सोयाबीन नाहीतर कापूस. एक पाऊस हुकला की दुकानदाराची उधारी, बँकेचे पीककर्ज आणि सावकाराचे व्याज यांची चर्चा घरात रात्री सुरू होते. एका खोलीच्या घरात पोरे झोपल्याचे सोंग घेऊन ती सगळी ऐकतात. सकाळी वर्गात गुरुजी विचारतात, गृहपाठ का झाला नाही?

दसरा-दिवाळी सरली की जिंतूर-सेनगावच्या पट्ट्यातल्या अनेक घरांतली माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब. लहानगी लेकरे गाडीत बसून फडावर जातात. शाळेत जाणारी मुले हंगामी वसतिगृहाच्या योजनेवर गावातच राहतात, म्हणजे पुष्कळदा आजी-आजोबांपाशी. वसतिगृहात जेवण मिळते, आणि ती योजना नसती तर हजारो मुलांची शाळा सुटली असती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण पाच-सहा महिने आई दिसत नाही. चौदा वर्षांची थोरली बहीण घर चालवते. पाणी भरते, धाकट्याला ताप आला तर त्याच्या उशाशी बसते, आजीच्या गोळ्यांचे लक्षात ठेवते. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, आणि त्याच वेळी आई कारखान्याच्या तळावर असते. या मुलीला ‘अभ्यासाचा ताण कसा हाताळावा’ हे व्याख्यान ऐकवून काय उपयोग?

कोयत्याचा हाच हिशेब मुलींच्या लग्नापर्यंत जातो. वयात आलेली पोर गावात एकटी ठेवून जायची भीती वाटते, आणि लग्न लावून दिले की एक नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. राज्याचे तेच प्रमाण 21.9 टक्के होते. हा आकडा वर्गात बसवून पाहा. आठवी-नववीच्या मुलींच्या बाकांवरून नजर फिरवली, तर जवळपास दर दुसऱ्या मुलीला ही टांगती भीती ठाऊक असते. स्वतःची नसेल तर बहिणीची, मैत्रिणीची. पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली तरी तिचे लक्ष फळ्यावर नसते. तिला ‘औदासीन्य’ आहे की नाही हे ठरवण्याआधी तिच्या घरी काय ठरते आहे ते विचारायला हवे. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकावर जबाबदारी आहे, आणि 1098 या बालकांच्या मदतक्रमांकावर कोणीही कळवू शकते. इथे समुपदेशनाचे पहिले काम लग्न थांबवणे हेच आहे. मनाचे प्रश्न मनातच सोडवायचे असतात, हा समज या पट्ट्यात तरी सोडून द्यावा लागेल.

मुलग्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती कमी बोलली जाते. बारावीनंतर पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात दिसतात. दोन-तीन भरत्या हुकल्या की पारावर बसायचीही लाज वाटू लागते. बरे गुण मिळालेला मुलगा लातूरला किंवा नांदेडला ‘नीट’च्या तयारीला जातो. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या शेकडो सामान्य घरांतली मुले डॉक्टर केली, याचा या भागाला अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. पण गावातून गेलेला मुलगा खोली, मेस आणि क्लास एवढ्याच जगात दोन वर्षे राहतो. त्याच्या फीसाठी घरातले काय मोडले, ते त्याला माहीत असते. तो वर्गात पहिला होता. तिथे सगळेच आपापल्या गावचे पहिले. चाचणीत गुण घसरले तर परत यायची वाट त्याला उरलेली नसते, कारण तो डॉक्टर व्हायला गेला आहे हे सगळ्या गावाला माहीत असते.

2015 च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलीने जीव दिला. एसटीच्या पासाला घरी पैसे नव्हते, ही गोष्ट तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने वाचली. त्यानंतर एसटी महामंडळाने दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांसाठी मोफत पासची योजना आणली. ती आणणे योग्यच होते. आत्महत्येला मात्र कधीच एकच कारण नसते. पास हे त्या घरावर पडलेल्या अनेक ओझ्यांपैकी एक होते. एखादे मूल ओझ्याखाली दबत चालले आहे, हे आधी कोणाला दिसायला हवे होते आणि दिसले असते तर त्याने काय करायला हवे होते, हा प्रश्न पासच्या योजनेने सुटत नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. बंगळूरच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचे प्रमाण 7.3 टक्के आढळले. ज्या बारा राज्यांत ते झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी अंदाज बांधायला तो आकडा पुरतो: शंभर मुलांच्या माध्यमिक शाळेत सातेक मुलांना आज, या घडीला, मदतीची गरज असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले. राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा होता.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा आहे, जिल्हा कार्यक्रम 1996 पासूनचा. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे मनोरुग्णालये उभी राहिली; चारही मराठवाड्याबाहेर. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने 2015 मध्ये चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते, आणि आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची अशी त्याची रचना होती. मनाची विचारपूस सरकारी कामाचा भाग होऊ शकते, हे या भागाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पण त्या प्रकल्पाच्या मध्यभागी कर्जबाजारी शेतकरी होता. त्याच घरात भिंतीला टेकून बसलेले त्याचे शाळकरी लेकरू कोणाच्याच रकान्यात बसले नाही.

शाळेच्या बाजूनेही योजना आल्या. 2020 मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ ठरवले, आणि भावनिक आरोग्य हा त्यांच्या विषयांपैकी एक केला. मार्च 2022 मध्ये राज्याने शाळांना सखी सावित्री समिती करायला सांगितले. तक्रारपेटी त्याआधीपासून आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असते. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू आहे. कागदावर पाहिले तर मुलाभोवती मदतीचे कडेच तयार झाले आहे.

मग गाडे अडते कुठे? शाळेत जाऊन बसा, म्हणजे कळते. आरोग्यदूत, समितीचा सदस्य, तक्रारपेटीची किल्ली सांभाळणारा, हे सगळे एकच शिक्षक असतात. तेच पोषण आहाराची नोंद ठेवतात, युडायसची माहिती भरतात, मतदारयादीचे काम करतात, स्कॉलरशिपचे वर्ग घेतात आणि मधल्या वेळेत दोन वर्ग एकत्र बसवून शिकवतात. एखादी मुलगी दारात येऊन ‘सर, पोट दुखायलंय’ म्हणते. तिला खरे काय म्हणायचे आहे हे समजायला वीस मिनिटे लागतात, आणि शिक्षकाजवळ दोनसुद्धा नसतात. तो म्हणतो, घरी जा, आराम कर. ज्या घराच्या धाकाने पोट दुखत होते, त्याच घरी ती परत जाते. दोष शिक्षकाचा नाही. ऐकून घेणे हे काम आहे. त्याला माणूस लागतो, वेळ लागतो, शिकवणी लागते आणि पगार लागतो. उरलेल्या वेळात करायची ती गोष्ट नाही. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते एवढेच आहे.

याला पुरावा आहे, आणि तो केवळ परदेशातला नाही. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा मोठा प्रयोग केला. डॉ. सचिन शिंदे आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला स्थानिक समुपदेशक पूर्णवेळ नेमला. त्याच्याकडे मानसशास्त्राची मोठी पदवी नव्हती. काही शाळांत तेच काम, तेच साहित्य देऊन, तिथल्याच शिक्षकाकडे सोपवले. काही शाळा तुलनेसाठी होत्या तशाच ठेवल्या. भित्तीपत्रक, मनातले लिहून टाकायची पेटी, गटचर्चा, गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे, असे साधेच उपक्रम होते. समुपदेशक असलेल्या शाळांतले वातावरण सुधारले, दादागिरी आणि मारहाण कमी झाली, मुलांमधली उदासीची लक्षणेही घटली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत असा फरक दिसला नाही. नालंदाची सरकारी शाळा आणि जिंतूर तालुक्यातली शाळा यांत फार अंतर नाही. महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने हा प्रयोग गंभीरपणे वाचायला हवा, कारण अजूनही प्रत्येक नवी योजना शिक्षकाच्याच खांद्यावर ठेवली जाते.

झिंबाब्वेतही असेच घडले. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात बाक टाकले आणि त्यावर वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन बसवले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बाकांवर येणाऱ्यांच्या त्रासात स्पष्ट घट दिसली. तिथेही मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. तज्ज्ञ नाहीत म्हणून ते थांबले नाहीत.

आता कायदाही बदलतो आहे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात निकाल दिला. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांनी देशातल्या शाळा, महाविद्यालये, क्लासेस, वसतिगृहे अशा सगळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि संसद किंवा विधिमंडळ कायदा करीपर्यंत ती बंधनकारक ठरवली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचे. गुणांवरून तुकड्या पाडणे, चारचौघांत मुलांना लाज आणणे टाळायचे. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यायचे.

शंभरची ही अट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट शंभरच्या आत आहे. म्हणजे जिथे पोरे सर्वांत एकटी, तिथे नेमणुकीची सक्ती नाही, ‘जोडून घ्या’ एवढेच आहे. कोणाशी जोडून घ्यायचे? मला वाटते, याचे उत्तर आपल्या केंद्रशाळेच्या रचनेत आहे. केंद्रप्रमुखाच्या हाताखाली जेवढ्या शाळा येतात त्यांना मिळून एक पूर्णवेळ, पगारी, त्याच भागातले माणूस द्यावे. समाजकार्याची किंवा मानसशास्त्राची पदवी घेतलेली मुले-मुली आज मराठवाड्यात कामाविना बसून आहेत. ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत त्या माणसाने यावे, जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञाने महिन्याला त्याच्या कामावर नजर फिरवावी, आणि अवघड वाटेल ते मूल त्यानेच सोबत घेऊन परभणीला जावे. ती तिसरी खेप चुकू न देणे, हे या नेमणुकीचे खरे मोल. शिक्षकाचे काम मग नेमके आणि झेपणारे राहते: बदल ओळखणे आणि वेळेवर सांगणे. रोज हसणारा गप्प झाला, हुशार मुलगी सतत गैरहजर राहू लागली, अक्षर बिघडले, ‘करमंना’ म्हणून मुले डबा न खाता बसू लागली. हे शिक्षकाइतके लवकर कोणालाच दिसत नाही.

लहान गावातली सर्वांत मोठी अडचण गुप्ततेची असते. मुलगी कोणाशी बोलली हे संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचते. शिक्षक तिच्या भावकीतले असतात, शिपाई चुलत्याच्या घराशेजारी राहतो. म्हणून बोलायची जागा ऑफिसात नको, आणि ‘समुपदेशन कक्ष’ अशी मोठी पाटी लावलेल्या खोलीतही नको. ग्रंथालयाचा कोपरा किंवा प्रयोगशाळेची रिकामी वेळ चालते. झाडाखाली, सर्वांना दिसेल पण ऐकू येणार नाही असे बसणेही चालते. मुलाला सुरुवातीलाच सांगून टाकावे, की तुझे बोलणे माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा तुझ्यावर अत्याचार झाला असेल, तर मला सांगावेच लागेल. अत्याचाराच्या बाबतीत 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणे सक्तीचे केले आहे. हे आधी सांगितले तर विश्वास तुटत नाही. मागाहून कळले तर ते मूल पुन्हा कोणापाशीच तोंड उघडत नाही.

आणखी एक भीती आहे, ती आईबापांची आणि शिक्षकांची दोघांचीही. ‘जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?’ असे सरळ विचारले तर तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, असे वाटते. तसे होत नाही. शांतपणे विचारल्याने मुलाला उलट सुटल्यासारखे वाटते, आणि मदत वेळेत पोचते. दुसरी भीती पोलिसांची. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणून घरे दवाखान्यात खरे सांगत नसत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखालचा मानून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा ठरवणारे जुने कलम 309 राहिलेच नाही. ही माहिती गावोगाव पोचायला हवी, कारण खोटे सांगण्यात उपचाराचे पहिले तास वाया जातात.

महाविद्यालयांबद्दल पुस्तकात वेगळा भाग आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत परभणी आणि हिंगोली दोन्ही जिल्हे येतात, आणि इथल्या बहुतेक महाविद्यालयांत ‘नॅक’साठी प्रत्येक प्राध्यापकाकडे मार्गदर्शनाला विद्यार्थी नेमून दिलेले असतात. ती रचना चांगली आहे. तिच्यात बोलणे आणायचे राहिले आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात मुले रात्री शेकोटीपाशी जे बोलतात, ते वर्षभर वर्गात बोलत नाहीत. त्या शिबिरात एक संध्याकाळ या विषयाला दिली तरी मोठे काम होईल.

देवाधर्माकडे जाणाऱ्यांबद्दल पुस्तकाने कुठेही कडवट भाषा वापरलेली नाही. ज्याला रात्र सरत नाही तो माणूस जिथे आधार मिळेल तिथे जातो. गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून दुव्यासोबत औषधही मिळते, कारण तिथल्या मुजावरांना बरोबर घेऊन डॉक्टर बसवले गेले. मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणे हे मात्र 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलाच्या बाबतीत तिथे गप्प बसायचे नाही.

हे पुस्तक वाचून कोणी समुपदेशक होणार नाही. पहिल्या भागात वयानुसार दिसणारी लक्षणे आहेत, दुसऱ्यात मुलाशी बोलायची सुरुवात कशी करावी याचे इथल्या बोलीतले नमुने, तिसऱ्यात कायदे आणि योजना, चौथ्यात महाविद्यालय. घाईत असाल तर दुसरा भाग आधी वाचा. त्यातली भाषा मुद्दाम ‘काय झालंय रे’, ‘जेवलास का’ अशी ठेवली आहे, कारण मूल प्रमाणभाषेत रडत नाही. 14416 हा क्रमांक प्रत्येक भागाच्या सुरुवातीला छापला आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते. पण आपल्याकडे मुलींच्या हाती स्वतःचा फोन नसतो, म्हणून शाळेच्या फोनवरून, दार लोटून, तिला तो लावू द्यावा लागेल.

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी एक विनंती आहे. हा विषय पुढच्या बैठकीत घ्या. आपल्या शाळेतल्या मुलाचे कोण ऐकून घेणार, कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी, ही तीन उत्तरे नावानिशी इतिवृत्तात लिहा. केंद्रासाठी पूर्णवेळ माणूस हवे, असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत त्याला जोडा.